नागपुरात चांगली बिअर शोधायची कशी: पहिल्या फोनपासून पहिल्या घोटापर्यंत

नागपूरला दोन रात्रींचा मुक्काम असतो. एक दिवस दीक्षाभूमी आणि फुटाळा, दुसरा दिवस पेंच किंवा ताडोबा. मधली एक संध्याकाळ निवांत बिअरसाठी राखलेली असते आणि तीच वाया जाते. मोबाइलवर शोधलं, तारे मोजले, रिक्षात बसले, पोचल्यावर कळलं की टॅप (पिंपातून नळीने आलेली बिअर ग्लासात सोडणारी तोटी) बंद आहे. किंवा टॅप चालू आहे, पण बिअरला आंबूस वास येतोय. किंवा त्या दिवशी ड्राय डे आहे.

चूक बहुतेक वेळा एकच असते: लोक जागा शोधतात, बिअर शोधत नाहीत. गच्ची, दिवे आणि गाणी फोटोत दिसतात. केग, म्हणजे बिअरचं पिंप, कधी लावला आणि त्याची नळी कधी धुतली हे फोटोत दिसत नाही, ते विचारावं लागतं. खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. क्रम उलटा झाला तर आधी पोचायचं आणि मग पस्तावायचं, असं होतं.

## टप्पा १: तारीख आणि वार आधी बघा

२६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला बार बंद असतात, हे बहुतेकांना माहीत असतं. निवडणुकीचं विसरतं. मतदान संपायच्या आधीचे ४८ तास आणि मतमोजणीचा दिवस कोरडा असतो, आणि यात महापालिका, जिल्हा परिषदेच्या निवडणुकाही येतात. याशिवाय गणेश विसर्जन, पोळा, मारबत अशा गर्दीच्या दिवसांसाठी जिल्हाधिकारी त्या-त्या भागापुरता बंदचा आदेश काढू शकतात. निघायच्या आदल्या दिवशी मराठी पेपरातली नागपूरची पानं चाळली की हे कळतं.

वाराचा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे आणि त्याचा विचार जवळपास कोणीच करत नाही. टॅपची बिअर खपली तरच ताजी राहते. श्रावणात, नवरात्रात, आणि एरवीही मंगळवारी, गुरुवारी बरेच लोक पीत नाहीत. खप पडला की लावलेला केग दिवसेंदिवस तसाच राहतो. श्रावणातल्या मंगळवारी टॅपवरची व्हीट, म्हणजे गव्हाची, बिअर मागणं म्हणजे गेल्या आठवड्याची बिअर मागण्यासारखं आहे. अशा दिवसांत बाटली किंवा कॅन घेतलेली बरी. शुक्रवारी-शनिवारी खप जोरात असतो, पण टेबल मिळत नाही. मला विचाराल तर बुधवार किंवा शुक्रवारी संध्याकाळी साडेसहा-सातची वेळ सगळ्यांत चांगली.

डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असेल तर हॉटेलं आणि बार दोन्ही भरलेले असतात. त्या आठवड्यांत टेबल सांगून ठेवल्याशिवाय जाऊ नका.

सावध: उघडल्या-उघडल्या पहिला ग्लास घेऊ नका. रात्री बंद झाल्यापासून नळीत उभी असलेली बिअर तुमच्या ग्लासात येते. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा हा पहिला ग्लास हमखास कोमट आणि शिळा निघतो. तासाभराने जा.

## टप्पा २: तुम्हाला नक्की काय हवंय ते ठरवा

नागपुरात स्वतः बिअर बनवणाऱ्या जागा, म्हणजे ब्रूपब, मोजक्या आहेत. टॅप असलेले बार त्याहून जास्त आणि बाटलीवाले परमिट रूम सगळ्यांत जास्त. या तिन्हींकडून एकच अपेक्षा ठेवली की निराशा होते.

ब्रूपबमध्ये टाक्या तिथेच असतात. गव्हाची, गडद स्टाउट, कधी कडवट आयपीए, कधी सफरचंदाचा सायडर असे चार-सहा प्रकार मिळतात. टॅपच्या बारमध्ये कंपनीचे केग बाहेरून येतात, प्रकार एक-दोनच असतात, पण खप चांगला असेल तर लागर (फिकट, हलकी बिअर) उत्तम मिळते. परमिट रूममध्ये बाटली मिळते: ३३० मिलीचा पाइंट, ६५० ची मोठी किंवा ५०० चा कॅन. शांत बसायचं असेल आणि फ्रीज नीट असेल तर परमिट रूममधली बाटलीही छान संध्याकाळ देते. बिअर शॉपी हा वेगळा प्रकार. तिथे फक्त बंद बाटली मिळते, उभं राहून प्यायची परवानगी नसते.

नावावर जाऊ नका. 'ब्रू' हा शब्द कॉफीच्या दुकानांच्या पाट्यांवरही असतो. 'ब्रुअरी' नाव असलेल्या जागेत टाकीच नसेल, असंही होतं.

तपासा: वय आणि कागद. महाराष्ट्रात बिअरसाठी २१ वर्षं पूर्ण लागतात, व्हिस्की-रमसारख्या कडक दारूसाठी २५. बऱ्याच जागा गोंधळ नको म्हणून सरसकट २५ वर अडून बसतात, म्हणून गटात कोणी त्याहून लहान असेल तर फोनवरच विचारा. ओळखपत्र सोबत ठेवा. पिण्याचा परवाना कायद्याने लागतो. एका दिवसाचा ५ रुपयांना, वर्षाचा १०० रुपयांना आणि कायमचा १००० रुपयांना मिळतो. परवाना असलेल्या बारमध्ये एक दिवसाचा जागेवरच मिळायला हवा.

## टप्पा ३: नकाशावर यादी, पण भागाभागाने

अख्ख्या शहरातली 'सर्वोत्तम दहा' अशी यादी निरुपयोगी आहे. मुक्काम कुठे आहे तिथून सुरुवात करा. धरमपेठ, शंकरनगर, लॉ कॉलेज चौक हा एक पट्टा. सदर आणि रेसिडेन्सी रोड दुसरा. रामदासपेठ आणि सीताबर्डी तिसरा. वर्धा रोड, छत्रपती चौकापासून विमानतळाकडे, हा चौथा. एका संध्याकाळी एकच पट्टा धरा आणि त्यात तीन जागा निवडा: एक पहिली पसंती, दोन राखीव. राखीव जागा पहिलीपासून चालत किंवा दहा मिनिटांच्या रिक्षात हवी.

जाताना मेट्रो सोयीची पडते. ॲक्वा लाइनचं शंकरनगर चौक स्टेशन धरमपेठेसाठी, ऑरेंज लाइनचं कस्तूरचंद पार्क सदरसाठी, छत्रपती चौक आणि जयप्रकाशनगर वर्धा रोडसाठी. परतीला मात्र मेट्रोवर विसंबू नका, तुम्ही उठाल तेव्हा ती बंद झालेली असेल.

यादी करताना प्रतिक्रिया वाचण्याचीही रीत आहे. सगळ्यांत नवीन प्रतिक्रिया वर आणा आणि गेल्या दोन-तीन महिन्यांच्याच वाचा. मालक बदलतो, बिअर बनवणारा माणूस सोडून जातो, आणि जुने तारे तसेच चमकत राहतात. प्रतिक्रियांमध्ये 'टॅप', 'आंबट', 'फ्लॅट', 'संपली' हे शब्द शोधा. 'अँबियन्स मस्त' असं चाळीस जणांनी लिहिलं आणि बिअरबद्दल एकानेही नाही, तर त्या जागेची खरी कमाई कशावर आहे ते समजून घ्या. मग पाहुण्यांनी टाकलेले फोटो बघा. काचेमागे स्टीलच्या टाक्या दिसतात का? मेनूवर बिअरच्या नावासमोर प्रकार, अल्कोहोलचं प्रमाण आणि मिली लिहिलंय का? लिहिलं असेल तर तिथे बिअरकडे लक्ष देणारं कोणीतरी आहे.

## टप्पा ४: फोन करा

हा टप्पा लोक गाळतात आणि सगळा घोळ इथेच होतो. दुपारी साडेचार ते साडेसहाच्या दरम्यान फोन करा. तेव्हा गर्दी नसते, बोलायला माणूस मोकळा असतो. फोन उचलणाऱ्याला हे प्रश्न याच क्रमाने विचारा:

1. "भाऊ, बिअर तुमच्याकडेच बनते का बाहेरून केग येतो?" दोन्ही उत्तरं चालतील. "दोन्ही आहे, या ना तुम्ही" हे उत्तर मात्र चालणार नाही.

2. "आज टॅपवर कोणकोणत्या चालू आहेत?" मेनूवर सहा असतात, चालू दोन असतात. गव्हाची बिअर तयार व्हायला साधारण दोन ते तीन आठवडे लागतात, लागरला चार ते सहा. एक टाकी संपली की पुढची तयार होईपर्यंत तो टॅप कोरडाच राहतो. यात त्यांची चूक नाही, पण तुम्हाला आधी कळायला हवं.

3. "व्हीट कधी लावली?" तीन-चार दिवसांत लावली असेल तर निघा. "ताजीच आहे साहेब" एवढंच उत्तर आलं तर "बारवाल्या भाऊंना विचारून सांगता का?" असं म्हणून थांबा. ज्याला सांगायचं असतं तो विचारून येतो.

4. "आधी थोडी चाखायला मिळेल का?" चांगला ब्रूपब ६० ते १०० मिलीचा नमुना देतो, फुकट किंवा थोड्या पैशांत. चार-सहा छोट्या ग्लासांचा ट्रेही असतो.

5. "एक ग्लास किती मिलीचा? शेवटची ऑर्डर किती वाजता?" आणि प्रवेश शुल्क आहे का तेही याच वेळी.

नळी किती दिवसांनी धुतात हे फोनवर विचारून उपयोग नाही, तिथे गेल्यावर काउंटरशी विचारा. उत्तर पंधरा दिवसांच्या आतलं हवं. नळीच्या आतल्या भिंतीवर यीस्ट आणि जीवाणूंचा बुळबुळीत थर बसतो, आणि कितीही चांगली बिअर त्यातून आली की आंबते.

तपासा: पाचपैकी तीन प्रश्नांची सरळ उत्तरं मिळाली नाहीत तर राखीव जागेला फोन लावा.

## टप्पा ५: दारातून काउंटरपर्यंत दोन मिनिटं

टेबलावर बसायच्या आधी काउंटरपर्यंत जाऊन या. नाकाने तपासायचं. ओल्या फडक्याचा किंवा व्हिनेगरचा वास येत असेल तर टॅपच्या तोट्या आणि खालची जाळी साफ होत नाही. दुसऱ्यांच्या टेबलावर काय आहे ते बघा. ब्रूपबमध्ये दहापैकी आठ टेबलांवर कॉकटेल आणि बाटल्या असतील तर टाकीतली बिअर खपत नाहीये. एक गोष्ट आणखी: ग्लास भरताना बारमन तोटी बिअरमध्ये बुडवतोय का बघा. तोटी बुडाली की ती चिकट राहते आणि पुढच्या प्रत्येक ग्लासात तेच जातं.

बाटलीवाल्या जागेत फ्रीज बघा. उन्हात किंवा ट्यूबलाइटसमोर ठेवलेली हिरवी, पांढरी बाटली टाळा. उजेडाने बिअरला कुबट वास लागतो. तपकिरी बाटली बरी, कॅन त्याहून बरा. बाटलीवरची तारीख वाचा. तीन महिन्यांच्या आतली उत्तम. उन्हाळ्यात बिअर शॉपीबाहेर खोके उन्हात रचलेले दिसले तर त्या दुकानातून काहीच घेऊ नका, मग फ्रीज कितीही थंड असो.

## टप्पा ६: पहिला ग्लास

मोठा मग, पिचर किंवा टॉवर (टेबलावर ठेवायचा बिअरचा उंच नळा) लगेच मागवू नका. आधी नमुने मागवा आणि हलक्याकडून गडदकडे जा: लागर, गव्हाची, मग आयपीए, शेवटी स्टाउट. कडवट आयपीए आधी घेतली तर पुढचा अर्धा तास सगळं पाणी लागतं. मध्ये साधं पाणी आणि फुटाणे. मसाला शेंगदाणे नंतर.

आधी बघा. ग्लासात दोन-तीन सेंटिमीटर फेस हवा. काचेच्या आतल्या बाजूला बुडबुडे जागोजागी चिकटून बसले असतील तर ग्लास नीट धुतलेला नाही, तेल किंवा साबण राहिलाय. स्वच्छ ग्लासात प्रत्येक घोटामागे फेसाची एक कडी काचेवर उमटत जाते. गव्हाची बिअर गढूळच असते, लागर मात्र लख्ख हवी.

मग वास घ्या, तोही दोनदा. "एकदम चिल्ड" मागायची आपली सवय इथे आडवी येते. शून्याजवळ थंड केलेल्या बिअरमध्ये चांगली चव लपते आणि दोषही लपतात. बर्फ जमलेला मग परत करून साधा मागा. लागर ४ ते ७ अंशांना छान लागते, स्टाउट ८ ते १२ ला. नमुन्याचा ग्लास तीन मिनिटं तळहातात धरा आणि मग हुंगा. काय सापडतं त्यावरून निर्णय घ्या:

- लोणी किंवा पॉपकॉर्नचा वास: बिअर पुरती पिकू दिलेली नाही किंवा नळी घाण आहे. दुसऱ्या टॅपवर तेच आलं तर नळीचा संशय धरा.
- व्हिनेगरसारखा आंबटपणा: नळी किंवा तोटी. मुद्दाम आंबट केलेला प्रकार नसेल तर परत करा.
- उकडलेल्या मक्याचा किंवा कोबीचा वास: बनवण्यातला दोष, ग्लास बदलून जात नाही.
- ओल्या पुठ्ठ्याचा वास: शिळी, हवा लागलेली.
- कच्च्या सफरचंदाचा वास: घाईने काढलेली.
- केळं आणि लवंग: गव्हाच्या जर्मन धाटणीच्या बिअरमध्ये हा दोष नाही, तोच तिचा खरा वास. बरेच जण हा ग्लास 'इसेन्स टाकलाय' म्हणून परत करतात आणि चांगली बिअर हुकवतात.

तक्रार पहिल्या घोटानंतर करा. अर्धा मग संपवून केली तर कोणी ऐकत नाही. "भाऊ, याला लोण्याचा वास येतोय, दुसरा टॅप देता का?" एवढं पुरतं. नेमका वास सांगितला की बहुतेक वेळा न कुरकुरता बदलून मिळतं.

संत्र्याची बिअर नागपुरात दिसणारच, आणि पर्यटक ती मागणारच. ती घ्यायच्या आधी विचारा: साल वापरता की सिरप? सालीतल्या तेलाचा वास ग्लास नाकाजवळ नेताच येतो, संत्रं सोलताना बोटांना येतो तसा, आणि घोट कोरडा लागतो. सिरप असेल तर ओठ चिकट होतात आणि संत्रागोळीची आठवण येते. आंबिया बहाराची संत्री ऑक्टोबर ते डिसेंबर आणि मृगाची फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात. जूनमध्ये कोणी 'ताज्या संत्र्याची' म्हणालं तर पुन्हा विचारा. वाळवलेली साल असेल तर उत्तम, बेल्जियन धाटणीच्या गव्हाच्या बिअरमध्ये धण्यांसोबत तीच घालतात.

सावध: तीन लिटरचा टॉवर टेबलावर अर्धा तास उभा राहिला की कोमट होतो आणि गॅस जातो. पैसे वाचत असले तरी उन्हाळ्यात नकोच. १+१ ची ऑफर कोणत्या बिअरवर आहे तेही बघा. एकाच टॅपवर असेल तर बहुधा तो केग संपवायचाय.

## टप्पा ७: सोबत काय खायचं

नागपूरला येऊन सावजी खायचंच असतं. आयपीएसोबत सावजी मटण खाऊ नका. होप्सचा, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या फुलांचा, कडवटपणा तिखट आणखी भडकवतो. कमी कडवट गव्हाची बिअर किंवा गोडसर, गडद माल्टची (मोड आणून वाळवलेल्या धान्याची) बिअर त्या तर्रीला सांभाळून घेते. काही सावजी हॉटेलांकडे परमिट रूम असतं, बऱ्याच साध्या भोजनालयांकडे नसतं. परवान्याशिवायच्या ठिकाणी, ढाब्यावर किंवा भोजनालयात, बाटली उघडली तर मालकासोबत पिणाराही गुन्ह्यात येतो. आधी बिअर, मग चालत जाऊन जेवण, हा क्रम सोपा.

## टप्पा ८: बिल आणि हिशेब

मिली आणि दर ताडून बघा. ३३० मिलीचा मग आणि ५०० चा मग यांचे दर शेजारी लिहिलेले असतात, आणि आपण स्वस्त वाटणारा घेऊन मिलीमागे जास्त मोजतो. दारूवर जीएसटी नसतो, राज्याचे कर असतात. जीएसटी खाण्यावर लागतो, तो एकूण बिलावर लावला असेल तर दुरुस्त करून घ्या. सेवा शुल्क ऐच्छिक आहे. नको असेल तर शांतपणे काढायला सांगा.

दुसरा हिशेब अंगाचा. ५ टक्क्यांच्या ५०० मिली मगमध्ये २५ मिली अल्कोहोल असतं. ८ टक्क्यांच्या ६५० मिली स्ट्राँग बाटलीत ५२ मिली, म्हणजे 'एकच बाटली' ही दोन मगांपेक्षा जास्त. ती अंगातून उतरायला पाच तासांच्या आसपास लागू शकतात. सकाळी सहाला सफारीच्या गेटवर उभं राहायचं असेल तर रात्री दहाच्या आत थांबा, आणि प्रत्येक मगामागे एक ग्लास पाणी प्या. नागपूरच्या हवेत दिवसभर घाम गेलेला असतो, बिअर ती कसर भरून काढत नाही.

## टप्पा ९: परत जाताना, आणि दुसऱ्या दिवशीची डिकी

गाडी चालवू नका. १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅम अल्कोहोल ही मर्यादा आहे, ती एका मोठ्या मगानेही गाठता येते. पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. वर्धा रोड आणि अमरावती रोडच्या बाहेरच्या टोकांना रात्री उशिरा रिक्षा मिळणं कठीण जातं, म्हणून शेवटचा मग मागवतानाच टॅक्सी बुक करा.

आता डिकी. वर्धा आणि गडचिरोली हे दारूबंदीचे जिल्हे आहेत. चंद्रपूरची बंदी २०२१ मध्ये उठली, त्यामुळे ताडोबाला नेलेली बिअर चालते असं लोकांना वाटतं. पण बुटीबोरीवरून चंद्रपूरकडे जाणारा रस्ता जामवरून जातो, आणि जाम वर्धा जिल्ह्यात आहे. सेवाग्रामला जाणाऱ्यांचं आणि समृद्धी महामार्गाने निघणाऱ्यांचंही तेच, नागपूर सोडलं की वर्धा जिल्हा लागतो. बंद कॅनसुद्धा गाडीत ठेवू नका. पेंचच्या मध्य प्रदेशातल्या गेटकडे निघाला असाल तर राज्याची सीमा ओलांडताना बाटल्या नेणं हा वेगळा गुन्हा होतो. उरलेले कॅन हॉटेलच्या खोलीतल्या फ्रीजमध्ये ठेवा आणि परतल्यावर, तारीख बघून, उघडा.